चौदा सेकंद

वाहतूक नियोजकाच्या सनदेसाठी तिची शेवटची तोंडी परीक्षा चालू होती. तिने स्वतः आखलेल्या चौकाचा नकाशा टेबलावर पसरला होता. "पादचाऱ्यांच्या सिग्नलचा वेळ कमी केल्यावर काय झालं?" परीक्षकांनी विचारलं. "बसगाड्या वेळेवर धावू लागल्या. आणि एक आजी बसखाली गेल्या." तिने नकाशावरच्या झेब्रा पट्ट्यांवर बोट ठेवलं. "मी चौदा सेकंद दिले होते. त्यांना बावीस लागायचे. मागाहून त्यांच्या लेकीसोबत मी तो रस्ता आजींच्या चालीने ओलांडून पाहिला." "चौदा नियमातच बसतात," परीक्षक हळूच म्हणाले. तिला त्यांनी उत्तीर्ण केलं. शेऱ्यात 'प्रामाणिक' लिहिलं. बाहेर येताच तिने आजींच्या लेकीला फोन लावला. "ताई, मी पास झाले. आता माझ्या सहीला वजन आलंय. सेकंद वाढवून घेते." पलीकडून लेकीने विचारलं, "मग सेकंद कमी करणाऱ्या आधीच्या त्या कागदावर कुणाची सही होती, मॅडम?"