घरची नऊ मतं

"घरात कोणीही थांबायचं नाही," असं मतदान अधिकारी बाईंनी सांगितलं, तेव्हा घरातले सगळे बाहेर पडले आणि रामराव तेवढे आत आले.

सत्त्याऐंशी वर्षांच्या मथुराबाईंचं, म्हणजे त्यांच्या आईचं मत घ्यायला सरकार आज घरी आलं होतं. दोन अधिकारी, एक पोलीस, एक कॅमेरावाला. बाकीच्या गावाचं मतदान आठ दिवसांनी होतं. समोरच्या खोलीत कापसाचा ढीग होता. तो जरा सारून बाजेवर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला होता. पोलीस टेकायला म्हणून कापसावर बसला आणि कमरेपर्यंत आत गेला.

"मी साथीदार हाव न तिचा," रामराव म्हणाले. "मांगच्या चारही खेपा मीनंच बटन दाबलं. मायले दिसत नाही."

"दिसते मले," मथुराबाई म्हणाल्या. "मोतीबिंदू काढून आनला नं तूनंच. तुह्या सदऱ्याची दुसरी गुंडी तुटेल हाये."

रामरावांनी हात लावून पाहिलं. गुंडी खरंच तुटलेली होती. अधिकारी बाईंनी दाराकडे बोट दाखवलं.

रामरावांची अडचण साधी होती. या गावात मतं घरावर मोजतात. वरचा पुरा, म्हणजे वरची वस्ती, एकीकडे, खालचा पुरा दुसरीकडे, आणि रामरावांच्या घरची नऊ मतं दर वेळी एकगठ्ठा. रामरावांच्या उमेदवाराचा माणूस संजय सकाळीच यादीत त्यांच्या नावापुढे नऊचा आकडा लिहून गेला होता. तो आकडा देताना रामरावांनी घरात कोणाला विचारलं नव्हतं. विचारायचं असतं, हे त्यांना आजवर कधी सुचलंच नव्हतं.

बाहेर अंगणात बायको बेबीताई, पोरं, सुना उभ्या होत्या. समोरच्या घरचा धावजी विरोधी बाजूचा कार्यकर्ता. तोही फवारणीचा पंप मागायच्या निमित्तानं येऊन भिंतीला टेकला होता. रामराव त्याच्या शेजारी टेकले. दोघांचेही कान आत होते.

मथुराबाई जुन्या चौथीपर्यंत शिकलेल्या, आणि त्यांच्या शाळेत मनात वाचायची पद्धत नव्हती. त्यांनी पहिलं नाव बापाच्या नावासकट खणखणीत वाचलं. मग दुसरं. तिसरं नाव रामरावांच्या उमेदवाराचं. ते वाचून मथुराबाई थांबल्या आणि रामरावांचा चेहरा फुलला. आतून खोकल्याचा आवाज आला, आणि मग चौथं नाव.

सहाव्या नावाला धावजीनं डोळे मिटून हात जोडले.

"ह्यो कोनाचा व्हय?" आतून आवाज आला.

"आजी, मनात वाचा."

"मनात कसं दिसन, बाई?"

लग्नपत्रिकेतली नावं वाचावीत तशा चवीनं त्यांनी अकराच्या अकरा नावं वाचली. कोणाच्याही नावाला आवाज वर नाही की खाली नाही. शेवटी 'वरीलपैकी कोणी नाही' हेही वाचलं आणि त्या मोठ्यानं हसल्या.

"हे बी हाये का?"

भिंतीला टेकलेले दोघेही ताठ झाले.

मग आत सगळं शांत झालं. मथुराबाईंनी कॅमेरावाल्याला हातानंच मागे सारलं. पेन चाललं. कागदाची घडी झाली, पाकीट चिकटवलं गेलं. आरपार काही दिसत नाही ना, हे त्यांनी पाकीट उजेडात धरून दोनदा पाहिलं आणि मगच ते अधिकारी बाईंच्या हाती दिलं.

मथुराबाई दारात आल्या तेव्हा त्यांना फार बरं वाटत होतं, आणि ते त्यांनी लपवलंही नाही. सगळं अंगण त्यांनी डोळे भरून पाहिलं. सुनांकडे पाहिलं, पंप न घेताच उभ्या असलेल्या धावजीकडेही पाहिलं.

रामराव जवळ गेले. हळूच म्हणाले, "कोनाले देलं, माय?"

"मांगच्या चार खेपा मीनं कोनाले देलं," मथुराबाई म्हणाल्या, "थे तूनं मले सांगतलं होतं का?"

बेबीताईंनी तोंडाला पदर लावला, पण हसू काही पदरात मावलं नाही. मग सुना हसल्या, पोरं हसली. कापसातून कसाबसा बाहेर निघालेला पोलीसही अंगाला चिकटलेला कापूस झटकत हसला. रामरावांनाही हसू आलं. आईच्या आवाजातली ही धार त्यांनी कितीतरी वर्षांनी ऐकली होती.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. संजय होता.

"काका, मायबाईचं झालं नं? नऊ पक्के धरू?"

रामरावांनी अंगणात नजर फिरवली. आता कोणी हसत नव्हतं. सगळे त्यांच्याच तोंडाकडे पाहत होते.

"एक पक्कं हाये," ते म्हणाले. "माह्यं. बाकीच्याईले इचारून सांगतो."

फोन ठेवून ते बेबीताईंकडे वळले. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती, तरी त्यांचा हात आधी सदऱ्याच्या तुटक्या गुंडीकडे गेला.

"तुह्यं कोनाले व्हय मंग?"

"सदरा काढा," बेबीताई म्हणाल्या. "गुंडी लावून देतो."