बाबांची साक्ष

"आमच्या घरी याला आळस म्हणतात," श्यामराव म्हणाले. "इथे त्याला इंग्रजी नाव मिळालं, एवढाच फरक."

समोर बसलेल्या डॉक्टर नंदिता बसाक यांनी मान हलवली आणि पेन उघडलं. शेजारच्या खुर्चीवर जान्हवी होती, श्यामरावांची मुलगी. वय अडतीस. कलकत्त्यातल्या सॉल्ट लेकमधल्या या क्लिनिकमध्ये ती महिनाभर येत होती. तिचं रक्त तपासून झालं होतं. झोपेची आणि मनःस्थितीची चौकशी झाली होती, टेबलाशी बसवून घेतलेल्या चाचण्याही झाल्या होत्या. एकच गोष्ट अडली होती. एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचा विकार, असेल तर तो लहानपणापासून असायला हवा, आणि तिला लहानपणी जवळून पाहिलेल्या माणसानं ते सांगायला हवं. आई गेली होती. उरले बाबा.

बाबांनी आधी साफ नकार दिला होता. मग एका सकाळी चहा पिता पिता म्हणाले, "येतो. त्या बाईंना खरं काय ते कळू दे."

जान्हवीला नाही म्हणता आलं नाही. सेक्टर फाइव्हमधल्या तिच्या कंपनीनं लेखी ताकीद दिली होती. अजून एक चूक झाली की नोकरी जाणार होती. यापूर्वी ती एस्प्लनेडजवळच्या एका डॉक्टरकडे गेली होती. त्यानं तिची पदवी विचारली, 'फर्स्ट क्लास' ऐकलं आणि हसून तिला घरी पाठवलं. त्या हसण्याचा राग अजून गेला नव्हता. आणि आता तिच्याविरुद्ध बोलायला खुद्द बाबा येऊन बसले होते.

"उदाहरण द्याल?" डॉक्टरांनी विचारलं.

श्यामराव जन्मापासून कलकत्त्यातले. गणिताचे मास्तर म्हणून निवृत्त झालेले. त्यांचं बंगाली डॉक्टरांइतकंच सफाईदार होतं, आणि रागावले की ते आणखी धारदार व्हायचं.

"किती देऊ? एका पावसाळ्यात हिनं किती छत्र्या हरवल्या ते विचारा. दही आणायला पाठवली तर गल्लीच्या तोंडाशी पतंगाचा मांजा करणाऱ्यांना बघत उभी. भांडं तिथेच ठेवून घरी आली. वर विचारते, मला कशाला पाठवलं होतं? चौथीत असताना पेपर अर्धा सोडून आली. का, तर मागचं पान उलटायचं राहिलं. कोणी बोलत असलं की मध्येच तोंड घालायचं. सांगितलेल्या तीन कामांतलं एक करायचं, तेही अर्धं."

"बाबा, पुरे," जान्हवी मराठीत म्हणाली.

"का पुरे? त्यांनी विचारलंय." ते पुन्हा डॉक्टरांकडे वळले. "दुर्गापूजेच्या दिवसांत मंडपात आईचा हात सोडून गेली. आई रडून अर्धी झाली. लाउडस्पीकरवरून नाव पुकारलं, तरी हिला पत्ता नाही. सापडली तेव्हा ढाक वाजवणाऱ्यासमोर मांडी घालून बसली होती. ढाकाला बांधलेली पिसं बघत. स्वतःचं नाव ऐकू येत नाही? मी सगळ्यांसमोर कानफटात दिली."

जान्हवीची कानशिलं तापली. तीस वर्षं उलटली होती, तरी तो मंडप, ते लोक, वळून बघणारे ते चेहरे तिला तसेच दिसले. उठून निघून जावं, असं तिला वाटलं. नोकरी गेली तर जाऊ दे.

डॉक्टर शांतपणे लिहीत होत्या. "पण हिला मार्क चांगले होते," त्या म्हणाल्या. "शाळेत, कॉलेजात. ते कसे?"

श्यामरावांचा आवाज चढला. "ते हिचे नाहीत, माझे आहेत. पहिलीपासून बी.एस्सी.पर्यंत शेजारी खुर्ची टाकून बसलो मी. गणित मांडताना ओळीवर बोट ठेवून. मी पाणी प्यायला उठलो की ही खिडकीत. ओरडलो, मारलं, जेवण बंद केलं. तेव्हा कुठे तो फर्स्ट क्लास."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"सर, मला हेच कळत नव्हतं," त्या म्हणाल्या. "बाकीचं सगळं जुळत होतं, ते मार्क जुळत नव्हते. शेजारून रोज कोणीतरी सावरत होतं, म्हणून शाळेला काही दिसलं नाही. तिला एडीएचडी आहे. अगदी लहानपणापासून. इतकी स्पष्ट साक्ष मला क्वचितच मिळते."

श्यामराव त्यांच्याकडे बघत राहिले. साक्ष त्यांनी दिली होती, ती दुसऱ्याच बाजूला जमा झाली होती.

"म्हणजे ही मुद्दाम करत नव्हती?"

"नाही."

"त्या मंडपातसुद्धा?"

"तिला खरंच ऐकू आलं नसणार."

श्यामरावांचा चेहरा लाल झाला होता. राग उतरला नव्हता, पण तो कोणावर काढायचा ते त्यांना समजत नव्हतं. शेवटी सवयीनं ते जान्हवीकडेच वळले. या वेळी मराठीत.

"मग तेव्हाच सांगायचंस ना मला. मी मुद्दाम करत नाही, एवढं एकदा तरी. तोंड नव्हतं तुला? एवढी वर्षं गप्प का बसलीस?"

या माणसाला काय काय सुनवायचं, ते जान्हवीनं कितीतरी वर्षं मनात घोळवलं होतं. आज येतानाही टॅक्सीत घोळवलं होतं. तिनं तोंड उघडलं, आणि त्यातलं काहीच बाहेर आलं नाही.

"मला तुमचं खरं वाटायचं, बाबा," ती म्हणाली.