गुलाबी खोली

दारात ऑटो थांबला तसे अंकुशने घाईघाईने हात पायजाम्याला पुसले. रंग काही निघाला नाही. बायको करुणा आणि लेक प्रज्ञा महिनाभराने करुणाच्या माहेराहून, रामाकोन्याहून परतल्या होत्या, आणि आतल्या खोलीला त्याने आज सकाळीच रंगाचा दुसरा हात मारला होता.

पोरीला ओलीपासून जपा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. स्लॅबचं घर झाल्यापासून त्या खोलीची भिंत काही वाळायचं नाव घेत नव्हती. कोपऱ्यात काळी बुरशी धरायची आणि सहा वर्षांच्या प्रज्ञाची छाती घरघरायची. म्हणून माहेरी गेलेल्या मायलेकी येण्याआधी अंकुशने सुट्ट्या टाकून भिंत खरवडली, पुट्टी भरली, वर लेकीच्या आवडीचा गुलाबी ऑइल पेंट चढवला. ओल्या रंगावर धूळ बसू नये म्हणून खिडकीही लावून घेतली. आता ओल येते कुठून तेच पाहतो, असा त्याचा थाट होता.

"डोळे मीट," म्हणत त्याने प्रज्ञाला हाताला धरून आत नेलं. "हं, उघड आता."

"बाबा, पूरी गुलाबी!" ती टाळ्या वाजवत खोलीभर नाचली. अंकुशला सगळ्या कष्टांचं चीज झाल्यासारखं वाटलं.

करुणा मात्र उंबऱ्यातच थबकली. "कायचा वास येऊन राहिला हो? खिडकी काहून बंद केली?"

"नवा रंग हाये, थोडा वास येतेच ना. दोन दिवसांत जाते."

त्याचं बोलणं संपायच्या आत प्रज्ञा खोकली. पुन्हा खोकली. मग खोकला थांबेचना. तिचे खांदे वर उचलले जाऊ लागले, गळ्याखालची खळी आत ओढली जाऊ लागली, आणि ती ओळखीची घरघर ऐकू आली.

करुणाने तिला उचलून थेट अंगणाच्या टोकाला, लिंबाखाली नेलं. पिशवीतून श्वासाचा पंप काढून तिने तो प्रज्ञाच्या तोंडाला लावला. "माया बाबांच्या कवेलूच्या छपराच्या घरात एक दिवस नाही लागला हा पंप! एक दिवस!"

अंकुश धावला.

"जवळ नका येऊ! तुमच्या अंगालेच वास येऊन राहिला."

तो जागीच थांबला. आपल्याच लेकीजवळ जायची त्याला भीती वाटली. काय करावं ते न सुचून तो आत गेला आणि अंगणाकडची ती खिडकी सताड उघडून तिथेच उभा राहिला. बाहेरचा एकेक श्वास तो कान देऊन ऐकत होता. शेजारच्या कोपऱ्यात, गुलाबी रंगाखालून, ओल पुन्हा वर आली होती.

बऱ्याच वेळाने घरघर जराशी उतरली. आईच्या खांद्यावरून प्रज्ञाने मान वर केली. बापाचा चेहरा तिला दिसला असावा.

"बाबा," ती अर्ध्या श्वासात म्हणाली, "खोली खूप मस्त झाली. मी इथूनच पाहीन."

खिडकीच्या गजांआडून अंकुश नुसता मान हलवत राहिला.