इंजिनामागची तार

“नवी विमानं यायला तीन वर्षं लागतील,” दलाल म्हणाला. “ही पुढच्या महिन्यात तुमच्या दारात.”

इंजिनिअरनं हत्यारांची पेटी विमानापाशी टेकवली. तीन वर्षांत त्याची लेक वैमानिक व्हायचं वय ओलांडून बसली असती. प्रशिक्षणाची विमानं वापरलेली घ्यायची की नवी, हे वायुदलानं त्याच्या अहवालावर सोडलं होतं. सकाळी तो निघताना लेकीनं विचारलंच, “बाबा, आज माझा निकाल ना?”

“विमानांचा.”

“एकच झालं. आणि हे काय, पेटीची कडी अजून तारेनंच बांधलेली? तीही उलट्या पिळाची?”

“डावखुऱ्याच्या हातून तसाच पडतो गं.”

बोल्ट सैल होऊ नये म्हणून त्याला तारेनं जखडतात. वायुदलाच्या कार्यशाळेत सगळे तारेला सरळ पीळ देत, हा एकटा उलटा. ‘डावऱ्याची तार’ म्हणून ती कुणीही ओळखायचं. एकोणीस वर्षांपूर्वी त्याला बढती मिळाली आणि पक्कड हातातून सुटली ती सुटलीच. त्याच साली कार्यशाळेतली थकलेली विमानंही भंगारात निघाली.

“ही मूळची कुठली?” त्यानं विचारलं. विमानाला ताज्या रंगाचा वास येत होता.

“परदेशातली. पहिल्यापासून एकच मालक. दरवर्षी इंजिन उतरवून तपासलंय. नोंदी बघा की.”

“नोंदी घरी बसूनही लिहिता येतात. मी तार बघतो.”

बोल्ट खोलायचा तर जुनी तार कापावीच लागते, आणि तपासणी झाली की नवी बांधावी लागते. इंजिनामागे हात पोचत नव्हता. त्यानं लांब दांडीचा छोटा आरसा आत सरकवला आणि बॅटरी मारली. मनातून त्याला तार चांगलीच निघायला हवी होती, याची त्याला जरा लाज वाटली.

तार लख्ख होती. पीळ सरळ, एकसारखा, टोक नीट आत वळवलेलं.

“कुणाचा हात आहे कोण जाणे,” तो म्हणाला, “पण माणूस कामाचा होता.”

“मग?”

त्यानं पेटीवरच कागद ठेवून लिहिलं, ‘वापरलेली विमानं घ्यावीत,’ आणि सही केली. अहवाल घेऊन गाडी मुख्यालयाकडे गेली. त्यानं लेकीला कळवलं, ‘तयारीला लाग.’ लगेच तिचं उत्तर आलं, ‘बॅग भरायला घेतली!’

तो स्वतःशीच हसला. आरसा पुसून ठेवायला पेटीवर वाकला, तेव्हा आरशात पेटीची कडी दिसली.

कडीवरची तार आरशात सरळ पिळाची दिसत होती. अगदी इंजिनामागच्या तारेसारखी.