गुणाचं पोर

डॉक्टर मृणालींनी रक्ताचा रिपोर्ट वाचला, खाली ठेवला आणि विचारलं, "हा रडतो कितपत?"

हौसा खुलली. याच प्रश्नाची वाट बघत बसल्यासारखी. सून दिशाच्या मांडीवर झोपलेल्या नातवाकडे हात करून तिने सुरू केलं. असं गुणाचं पोर अख्ख्या वाडीत झालं नाही. शेजारणीची पोर रात्रभर वाडी जागवते, आणि आमच्या घरात पोर आहे हे पाहुण्याला सांगावं लागतं. दुधालासुद्धा उठवावं लागतं त्याला. बारशाला सोनाराने कान टोचले तरी हूं नाही की चूं नाही. दृष्ट नको लागायला म्हणून रोज तिन्हीसांजेला मीठमिरच्या ओवाळून टाकते. एकदा बोलायला लागली की हौसा कुणाच्या बापाला आवरायची नाही, आणि समोरची डॉक्टर तर तिच्या लेकीच्या वयाची.

डॉक्टरांनी तिला तोडलं नाही. त्या पोराची बाहेर आलेली बेंबी बघत होत्या, डोळ्यांतला पिवळेपणा बघत होत्या. सासू-सुना आल्या होत्या दीड महिन्याचा डोस द्यायला. डोस राहिला बाजूला, आधी रक्त घ्यावं लागलं.

"जन्मल्यावर टाचेतून रक्त घेतलं होतं ना? त्यानंतर दवाखान्यातून फोन नाही आला?"

दिशाने मान खाली घातली. फोन आला होता. रक्तात फरक दिसतोय, बाळाला लगेच घेऊन या, असं तिकडची नर्स म्हणाली होती. दिशा निघायलाही तयार होती, मुंबईला नवऱ्याशी बोलून रिक्षा सांगितली होती. पण हौसाने फोन तिच्या हातातून घेतला आणि नर्सला चांगलं खडसावलं. आमच्यात बाळंतीण सव्वा महिना उंबरा ओलांडत नाही. तान्ह्या पोराला वाऱ्यावाऱ्याने कुठे फिरवता? सव्वा महिना सरला की येऊ. पुन्हा फोन वाजला तेव्हा तिने दिशाला तो उचलूच दिला नाही. यात वाईट हेतू कसला आलाय? तिला तिच्या सासूने असंच जपलं होतं, आणि तिची चारी पोरं धडधाकट निघाली होती.

मग डॉक्टरांनी सांगितलं. पोराच्या गळ्यात थायरॉइडची ग्रंथी तयारच झालेली नाही. काही मुलं अशीच जन्माला येतात, त्यात आईचा दोष नाही. त्या ग्रंथीच्या रसावर मेंदू वाढतो. तो रस नाही म्हणून पोर झोपून राहतं, अंगाला गार लागतं, दूध ओढत नाही. औषध साधं आहे. रोज एक इवलीशी गोळी आईच्या दुधात कुस्करून द्यायची. पुढे जन्मभर घ्यायची. पहिली आत्ताच, इथेच देऊ.

"मग बरा होईल ना?" दिशाने विचारलं.

"अंगाने वाढेल. पहिल्या पंधरवड्यात गोळी सुरू झाली असती, तर बहुतेक चारचौघांसारखाच झाला असता. आता डोक्याचं किती नुकसान झालंय, ते तो बसायला-बोलायला लागेपर्यंत मलाही सांगता येणार नाही." डॉक्टरांनी नर्सला गोळी आणायला सांगितली. मग हौसाकडे बघून म्हणाल्या, "आजी, तो गुणी म्हणून गप्प नव्हता. रडायची ताकदच नव्हती त्याच्यात."

सून आता सगळ्यांदेखत आपल्याला बोलणार, असं हौसाला वाटलं. नर्सने वाटीत गोळी कुस्करून दिली, ती दिशाने चमच्याने पोराला पाजली आणि उठली.

बाहेर बाकावर दोघी बसल्या. ओळीने बायका पोरं घेऊन बसलेल्या. हौसाने दुपट्यात हात घातला आणि नातवाच्या मांडीला करकचून चिमटा काढला.

"रड मेल्या," ती म्हणाली. "एकदा तरी रड."

पोराने डोळे उघडले, हौसाकडे पाहिलं आणि पुन्हा मिटले. बाजूची बाई हबकली, ही म्हातारी वेडी की काय म्हणून तिने आपलं पोर छातीशी ओढलं.

दिशाने बाळाच्या पायांवरचं दुपटं बाजूला केलं.

"आई, अजून एकदा काढा," ती म्हणाली. "जोरात."