साहेबांचं छप्पर

“आज तुझ्या हातचं पाणीसुद्धा नको मला,” इयान्थी म्हणाली आणि केझायाने पुढे केलेला आल्याच्या सरबताचा पेला तिने हातानेच लोटला. सरबत केझायाच्या पांढऱ्या झग्यावर सांडलं. आजूबाजूच्या बाया दोन पावलं मागे सरकल्या. वेस्ट इंडीजमधल्या अँटिगा बेटावरच्या त्या गावात मिस केझायाशी असं वागायची कुणाची छाती नव्हती. पण इयान्थीच्या अंगाचा तिळपापड झाला होता.

का होऊ नये? वीस वर्षांपूर्वी चिंचेच्या झाडाखाली या दोघींनी मिळून पेनी बँक काढली होती. शहरातल्या बँकेत ऊस तोडणाऱ्या बायांना पायरीसुद्धा चढू देत नसत. केझाया तेव्हा लोकांचे कपडे धुवायची. दर शनिवारी तिने घरोघर फिरून एकेक पेनी गोळा केली. त्यातून कुणाला शेळी घेऊन दिली, कुणाच्या मयतीचा खर्च उचलला आणि पुढे गावात बाळंतिणींसाठी चार खोल्यांचं घर बांधलं. पहिल्याच दिवशी तिने सगळ्यांसमोर सांगितलं होतं, “मळ्याच्या मालकाची भीक या बँकेच्या दारात येणार नाही. आली तर मी उठून जाईन.” त्या शब्दावर विसंबून इयान्थीने कानातल्या बाळ्या विकून आपला वाटा भरला होता.

मग गेल्या वर्षी वादळ आलं आणि बाळंतिणींच्या घराचं छप्पर उचलून घेऊन गेलं. बँकेत होतं नव्हतं ते लोकांची घरं उभी करण्यात संपलं. बाया छत्र्या धरून बाळंत होऊ लागल्या. अशा वेळी मळ्याचा आताचा मालक, धाकटा रॅडक्लिफ साहेब, मोटारीतून उतरला. बुटांना चिखल लागू नये म्हणून त्याने आधी फळी टाकून घेतली आणि मग उपकार करायला खाली आला. छपराचे सगळे पैसे देतो म्हणाला. अट एकच, दारावर वडिलांच्या नावाचा दगड बसवायचा.

“नाव तेवढं मोठं कोरा. बाकीचा मजकूर तुम्हीच ठरवा,” तो हसत म्हणाला.

“बरं,” केझाया म्हणाली.

बरं! थोरल्या रॅडक्लिफचं नाव! इयान्थी लहान असताना मळ्याला आग लागली होती. तिच्या आईने आठवडाभर तो काळा ऊस तोडला. नाकातोंडात राख जाऊन ती रात्रभर खोकायची. शनिवारी थोरल्याने घोड्यावरूनच सांगितलं की जळालेल्या उसाची मजुरी नसते. त्याच उसाची साखर मात्र पोती भरभरून जहाजावर चढली. इयान्थीचा तान्हा भाऊ त्या हंगामात अर्धपोटीच गेला. छप्पर चढलं होतं, आज तो दगड उघडायचा होता, आणि आता गावातली प्रत्येक पोटुशी बाई त्याच माणसाच्या नावाखालून आत जाणार होती.

“विकलंस ना स्वतःला?” इयान्थी ओरडली. “आणि तेही पत्र्याच्या भावात!”

केझाया झगा पुसत म्हणाली, “परवाच्या पावसात एक थेंब आत आला नाही.”

“माझे पैसे काढून दे. आत्ताच्या आत्ता. सगळ्यांसमोर.”

“आज बँक बंद आहे. कार्यक्रम उरकू दे, मग पैसे ने, शिव्या दे, काय वाटेल ते कर. पण पुढे येऊन उभी राहा. मागून तुला काही दिसायचं नाही.”

निर्लज्ज कुठली! इयान्थी पुढे जाऊन उभी राहिली, पण केझायाने सांगितलं म्हणून नव्हे. तिला त्या दगडावर थुंकायचं होतं. दगड सकाळीच पाथरवटाकडून कापडात गुंडाळून आला होता आणि तसाच भिंतीत बसवला होता. केझायाने कुणाला कापडाचं टोकसुद्धा उचलू दिलं नव्हतं. पाद्रीबाबांनी लांबलचक प्रार्थना म्हटली. साहेबाने वडिलांच्या मोठ्या मनाबद्दल भाषण केलं. ते ऐकता ऐकता इयान्थीने तोंडात थुंकी गोळा केली.

साहेबाने दोरी ओढली. कापड खाली पडलं.

“तुमच्यातल्या बऱ्याच जणांना वाचता येत नाही, तेव्हा मीच वाचतो,” असं म्हणून त्याने चष्मा लावला. “जोसाया रॅडक्लिफ, मळेवाले, यांच्याकडून...”

तो थांबला. त्याने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. त्याची मान कानापर्यंत लाल झाली.

“पुढे काय, साहेब?” मागून कुणीतरी विचारलं. साहेब रुमालाने कपाळ पुसू लागला.

“साहेबांना ऊन लागलंय,” केझाया म्हणाली. “इयान्थी, तू वाच गं. मोठ्यानं वाच. पार मागेपर्यंत गेलं पाहिजे.”

इयान्थीला अक्षरं केझायानेच शिकवली होती, कारण तिच्या बँकेत अंगठा चालत नसे. इयान्थी अजूनही बोट ठेवूनच वाचायची. तिने दगडावर बोट ठेवलं. पहिली ओळ तिने तोंड मिटूनच वाचली. दुसऱ्या ओळीवर तिचं बोट अडलं. ती ओळ तिने पुन्हा एकदा मनात वाचली. मग तिने तोंडातली थुंकी गिळली, गावाकडे तोंड केलं आणि आवाज चढवून सांगितलं,

“जोसाया रॅडक्लिफ, मळेवाले, यांच्याकडून थकलेल्या मजुरीपोटी जमा. हप्ता पहिला.”