कोरे चार तास

“आणि मध्ये काही जाळावं लागलं? गॅस, डिझेल?” पुण्याहून आलेल्या पाहुण्यांनी विचारलं.

“काहीच नाही सर. फक्त ऊन,” योगिनी म्हणाली. ते इतकं चटकन तोंडून गेलं, की तिचं तिलाच नवल वाटलं.

अंबडच्या कारखान्यामागं तिनं उभारलेला हा छोटा प्रकल्प. आरशांनी ऊन एकवटायचं, त्यावर टाकीतलं मीठ वितळेपर्यंत तापवायचं आणि सूर्य मावळला की त्या मिठाच्या धगीवर वाफ करून टर्बाइन फिरवायचं. तीन दिवस, तीन रात्री फक्त उन्हावर वीज एकदाही खंडली नाही, तर कोळशाच्या केंद्रापुढं हे उभं राहू शकतं, एवढंच दाखवायचं होतं. काल मात्र आभाळ भरून आलं. मीठ निवू लागलं. तेव्हा ऑपरेटर नाथाकाकांना टाकीखालचा गॅस पेटवायला तिनंच सांगितलं. चार तास तो जळत होता.

पाहुणे काकांकडे वळले. “तुम्ही एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात होतात ना? तुम्ही सांगा.”

नाथाकाकांनी योगिनीकडे पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाले, “नाय साहेब. मॅडम म्हणतात तसंच.”

“झालं तर. बॉयलरवर जन्म काढलेला माणूस सांगतोय, आणखी काय पाहिजे?” पाहुण्यांनी काकांशीही हात मिळवला. मोठ्या प्रकल्पाच्या पैशाचं पक्कं समजा, म्हणाले. गाडी गेटबाहेर पडली.

योगिनीचे कान तापले होते. “काका, टाकी मोठी असती तर गॅस लागलाच नसता. खरंच.”

“असंल.” काकांनी नोंदवही तिच्यापुढं ठेवली, वर पेन. तासातासाचं तापमान त्यांच्या गोल अक्षरात लिहिलेलं. कालच्या चार ओळी तेवढ्या कोऱ्या होत्या. “हे तुमीच भरा. माझ्याच्यानं होणार नाय.”

“मी तुम्हाला खोटं बोलायला सांगितलं नव्हतं,” ती म्हणाली, आणि बोलता बोलताच तिची नजर जमिनीला लागली.

काकांनी हातमोजे काढून खिडकीत ठेवले.

“बत्तीस वर्षं कोळसा जाळला, मॅडम. धूर पार लांबून दिसायचा. पण लपवून नाय जाळला कधी.”